पाच वर्षांपुढे सर्वांना चालेल

मुलांच्या कानांवर काय पडावं हे ठरवायचं काम ज्या गृहस्थाकडे होतं, त्याला सगळे शिक्केमास्तर म्हणत. तो मास्तर नव्हता. शिकवण्याशी त्याचा संबंध स्वतःच्या मुलीला पाढे शिकवण्यापुरता आला होता, आणि तिथेही बाराच्या पाढ्यावर बापलेकीचं बिनसलं होतं. पण पालकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तो नवे अल्बम ऐकून त्यांवर वयाचा शिक्का मारायचा, आणि तो शिक्का शाळा, दुकानदार आणि विशेषतः आज्या डोळे मिटून मानत. हिरवा म्हणजे 'पाच वर्षांपुढे सर्वांना चालेल'. पिवळा दहा वर्षांपुढे, नारिंगी तेरा वर्षांपुढे. लाल शिक्क्यावर 'आधी स्वतः ऐका' एवढंच लिहिलेलं असे. लाल शिक्क्याचे अल्बम सगळ्यांत जास्त खपतात ही गोष्ट मासिकात सर्वांना ठाऊक होती आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

ऐकण्याची पद्धत ठरलेली होती. मासिक सुरू करणारे जुने संपादक, म्हणजे आत्ताच्या संपादकबाईंचे वडील, मोठे तत्त्वाचे. त्यांचं म्हणणं असं की मुलं गाणी ऐकतात ती गाडीत, मागच्या सीटवर बसून, पुढे आईवडील रस्ता कुणाला माहीत होता यावरून भांडत असताना. तेव्हा परीक्षकानेही मागच्या सीटवर बसूनच ऐकलं पाहिजे. कानाला हेडफोन लावून गाणं तपासणं म्हणजे भिंग घेऊन जेवायला बसणं. एवढ्यासाठी त्यांनी आपली जुनी गाडी मासिकाला देऊन टाकली होती. आता ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात उभी असे. इंजिन गेलं होतं, चाकांतली हवा त्याच्याही आधी गेली होती; बॅटरी तेवढी चार्ज करून ठेवत, मागच्या दोन दारांतल्या स्पीकरवर सीडी वाजण्यापुरती. शिक्केमास्तर दुपारचा काखेत सीड्या मारून तिथे जाऊन बसायचा. मागच्या सीटवर, डाव्या अंगाला. कारण उजव्या अंगाची स्प्रिंग वर आली होती. फाटकातून बघणाऱ्याला वाटे, साहेब वेळेवर येऊन बसलेत आणि ड्रायव्हर पळून गेलाय.

त्या महिन्यात त्याच्याकडे एका सतरा वर्षांच्या गायिकेचा पहिला अल्बम आला. नाव 'आवाज कमी कर'. मुखपृष्ठावर ती स्वतः, अर्धं डोकं भादरलेलं, गळ्यात गिटार, आणि चेहऱ्यावर घरमालकाने भाडं वाढवल्यासारखा राग. शिक्केमास्तर सावधपणे गाडीत जाऊन बसला. पण आतला माल अगदीच वेगळा निघाला. ढोल-गिटारांचा दणका होता, नाही असं नाही, पण शब्द म्हणाल तर साधे, घरगुती, जवळजवळ गोड. एकाच गाण्यात, 'दार' नावाच्या, पोरगी जरा उद्धट वाटली. पण एका गाण्याच्या उद्धटपणापायी बाकीच्यांना शिक्षा करणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. त्याने सगळा अल्बम पुन्हा ऐकला, परीक्षण लिहिलं आणि हिरवा शिक्का ठरवून टाकला. रीतीप्रमाणे मजकुराची एक प्रत छापण्याआधी अल्बमच्या कंपनीकडे गेली, नावांत वगैरे चुका असल्या तर कळाव्यात म्हणून.

पहिला भडका घरी उडाला.

"बाबा, तिला कुठला दिलास?" जेवताना लेकीने विचारलं. लेक चौदा वर्षांची. लहानपणी तिला ठकी म्हणत. हल्ली ते नाव घराबाहेर उच्चारायला बंदी होती.

"कुणाला?"

"वेड पांघरून पेडगावला नको जाऊस. अख्खा वर्ग विचारतोय. रेडिओवर एकच गाणं लागतं तिचं, बाकीची तू एकट्याने ऐकलीयस."

"हिरवा."

ठकीने चमचा खाली ठेवला. "हिरवा? बाबा, हिरवा सशाच्या गाण्यांना असतो."

"त्यात वाईट काही नाहीच, तर मी काय पदरचं घालू?"

"तू नीट ऐकलंस?"

"दोनदा."

"मग तुला ऐकूच येत नाही," ठकी म्हणाली, ताट उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हे दार गेलं वर्षभर लागलेलंच असे. शिक्केमास्तर आपल्या बायकोला म्हणायचा की आपण तीन खोल्यांचं घर घेतलं आणि दोन खोल्यांत राहतो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात स्वतः गायिका आली. सोबत तिचा मामा. मामा हाच तिचा मॅनेजर. पूर्वी तो फरशा विकायचा, आणि अजूनही कुठल्याही खोलीत शिरला की आधी खाली बघायचा. खाली बघून झाल्यावर त्याने शिक्केमास्तराचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"साहेब, हिरवा! माणसं आयुष्य घालवतात हिरव्यासाठी. मी म्हटलं हिला, बाळा, पहिल्याच अल्बमला हिरवा म्हणजे लॉटरी." आणि त्याने पिशवीतून एक प्लास्टिकचा शाळेचा डबा काढून टेबलावर ठेवला. डब्याच्या झाकणावर गायिका होती, गिटारसकट, फक्त राग काढून टाकून तिला हसवली होती. "बाटलीही आहे. कंपासपेटी येतेय. तुमची प्रत आली त्याच दिवशी ऑर्डर दिली. आपलं काम असं, मागे-पुढे बघायचं नाही."

"ते दिसतंच आहे," गायिका म्हणाली. एवढा वेळ ती खुर्चीत अंग चोरून बसली होती. मुखपृष्ठावरच्यापेक्षा बरीच लहान दिसत होती. "मामा, तुझा फोन गाडीत वाजत असेल."

"गाडीतला इथे कसा ऐकू येईल?"

"म्हणून तर सांगतेय."

मामा तीरासारखा सुटला. तो दिसेनासा झाल्यावर गायिका पुढे सरकली.

"काका, मला लाल द्या."

शिक्केमास्तराच्या नोकरीत हिरव्यासाठी रडणारे पुष्कळ आले होते. लालसाठी हे पहिलंच.

"लाल नसेल तर निदान नारिंगी. पण हिरवा नको. हात जोडते."

"अगं, पण हिरवा म्हणजे—"

"हिरवा म्हणजे दुकानातलं खालचं कपाट, काका. बाहुल्यांच्या शेजारचं. माझ्या वयाचं कुणी तिथे मेलं तरी वाकत नाही. आणि एकदा हिरवा लागला की लागला, पुढचा अल्बम त्याच कपाटात जातो. आमच्या कंपनीत एक ताई आहेत. पस्तिशी उलटली, दोन मुलं आहेत. अजून बदकाची टोपी घालून गातात. टोपी काढली की लोक पैसे परत मागतात." तिने डब्याकडे बघितलं. "ही माझी टोपी आहे."

शिक्केमास्तराला तिची दया आली. पण दयेवर शिक्के निघायला लागले तर मासिक बंद करून धर्मशाळा काढावी लागेल. तो म्हणाला, "हे बघ बाळा, कुणी मागितला म्हणून मी शिक्का बदलत नाही. मंत्र्याच्या पुतण्यालाही बदलला नव्हता. तुझ्या अल्बममध्ये पाच वर्षांच्या मुलाला न चालण्यासारखं एक तरी काही दाखव, मी आत्ता बदलतो."

"'हो आई'," ती म्हणाली.

"'हो आई'?" आता हसायची पाळी शिक्केमास्तराची होती. त्याने परीक्षण काढलं आणि चष्मा लावला. हा परिच्छेद त्याला स्वतःलाच आवडला होता. "'आजच्या पिढीत दुर्मीळ होत चाललेल्या आज्ञाधारकपणाचा हा सुरेल नमुना. आयांनी आपल्या मुलींना सकाळ-संध्याकाळ ऐकवावा.'"

गायिकेचा चेहरा पडला नाही, कोरा झाला.

"काका, ते गाणं ऐकल्यापासून माझी आई माझ्याशी बोलत नाहीये."

"का बरं? किती गोड आहे. हो आई, निघाले आई, जेवण झालं आई..."

"आणि पुढे?"

"पुढे काय? अभ्यास झाला, दिवा मालवला, झोप आली आई."

"आणि मधे?"

"मधे गिटार."

गायिका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मिस्त्री वाकड्या भिंतीकडे बघतो तशी. "तुम्ही हे कशावर ऐकलंत?"

शिक्केमास्तर तिला अंगणात घेऊन गेला. जुन्या संपादकांचं तत्त्व त्याने चालता चालता समजावून सांगितलं. तिला ते पटलंसुद्धा. तो सवयीने डावीकडे बसला. ती उजवीकडे बसली, "आई गं!" म्हणून उठली आणि स्प्रिंग चुकवून पुन्हा बसली. शिक्केमास्तराने पुढच्या दोन सीटांमधून वाकून सीडी सरकवली आणि तिसरं गाणं लावलं. हो आई, निघाले आई, जेवण झालं आई.

"मी कुठे गेले?" गायिका म्हणाली.

"गातेयस की."

"ही नाही. दुसरी मी." तिने कान टवकारला, मग वाकून उजव्या दाराला लावला. मग दारावर टकटक केली, आत कुणी राहत असल्यासारखी. "काका, हा स्पीकर मेलाय."

"छे. गाडीत आवाज भरून राहतो ना."

"एका बाजूने भरलाय. अहो, मी मधून गाते ते दोन्हीकडून येतं. पण माझी दुसरी बाजू आहे ना, ती फक्त उजव्या स्पीकरमधे ठेवलीय. पहिली जे बोलते त्याला ती उत्तर देते. अख्ख्या अल्बमभर! तेच तर सगळं आहे!" आता तिच्या चेहऱ्यावर मुखपृष्ठावरचा राग आला होता, आणि तो खरा असल्याचं शिक्केमास्तराला पहिल्यांदाच कळलं. "तुम्ही माझं अर्धं तोंड बंद करून मला गुणी ठरवलंत."

 शिक्केमास्तराने खिशातून घराची किल्ली काढली आणि स्पीकरवरच्या जाळीच्या कडेला घातली. जाळी जुनी, उभ्या फटींची. एक हिसका दिल्यावर निघाली. आतून पहिल्यांदा एक बटण पडलं. मग बाहुलीचा कंगवा, जो स्पीकरच्या कागदातून आरपार गेला होता. आणि मग बिस्किटं: तुकडे, चतकोर, काही अख्खी, सगळी दगड झालेली.

शिक्केमास्तर त्या ढिगाकडे बघत बसला. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाळणाघर परवडत नव्हतं, म्हणून तो ठकीला इथे घेऊन यायचा. ती उजवीकडे बसायची, तेव्हा स्प्रिंग खाली होती. दारातून गाणं यायचं, आणि ठकीचं ठाम मत होतं की दारात एक काका राहतात, त्यांना कुणी बाहेर येऊ देत नाही आणि जेवायलाही देत नाही. तो डोळे मिटून मन लावून गाणी ऐकायचा. आपल्या वाट्याची बिस्किटं पोरगी खाते म्हणून त्याला समाधान वाटायचं.

"म्हणजे किती वर्षं झाली?" त्याने हे सगळं सांगितल्यावर गायिकेने विचारलं.

"लेक तेव्हा तीनची होती, आता चौदाची आहे."

"आणि तेव्हापासून सगळे अल्बम..."

"एका कानाने ऐकले," शिक्केमास्तर म्हणाला. "दुसऱ्या कानाने सोडायची सोयच नव्हती."

गायिकेला हसू आलं. आवरायला बघितलं तसं जास्तच आलं. मग शिक्केमास्तरालाही आलं. दोघं मोडक्या गाडीत बिस्किटांवरून एवढी हसली की वरच्या मजल्यावरून संपादकबाईंनी खिडकी लावून घेतली.

हसून झाल्यावर मात्र शिक्केमास्तर ताठ बसला. "आता पूर्ण ऐकतो. तुझ्या मामाच्या गाडीत, मागच्या सीटवरच. पण शिक्का कुठला ते ऐकल्यावर. हिरवाच ठरला तर हिरवा. चालेल?"

गायिका स्प्रिंग चुकवून उठली. "चालेल."

फाटकाबाहेर मामाची गाडी उभी होती आणि मामा आत बसून कंपासपेट्यांच्या रंगाविषयी कुणाशी तरी बोलत होता. दोघं मागे बसली, या खेपेला शिक्केमास्तर उजवीकडे. "मामा, फोन ठेव आणि सीडी लाव," भाचीने हुकूम सोडला. मामाने लावली. त्यानेही हा अल्बम सलग कधी ऐकला नव्हता. दर गाण्यात त्याला एक फोन यायचा.

'हो आई' लागलं. मधून नेहमीची गुणी मुलगी म्हणाली, जेवण झालं आई. आणि उजवीकडून, शिक्केमास्तराच्या कानाशी, तीच मुलगी दात खाऊन म्हणाली:

*नाही निघाले, नाही जेवले, पुस्तक कुठे गेलं?*
*झोप कुणाला आली आहे? आत्ता कुठे उजाडलं!*

मामाने आरशातून भाचीकडे बघितलं. "हे कधी घातलंस?"

"तू चहा आणायला गेला होतास तेव्हा."

"तुझी आई मला घरात घेणार नाही आता."

"मलाही घेत नाहीये. आपण दोघं मिळून राहू."

गाण्यामागून गाणी गेली. शिवी एकही नव्हती. पण ज्या ज्या ओळीवर शिक्केमास्तराने कौतुकाचा परिच्छेद खर्ची घातला होता, त्या त्या ओळीला उजवीकडून चिमटा बसत होता. पाहुण्यांसमोर गोड बोलणारी मुलगी उजवीकडून पाहुण्यांच्या चपला मोजत होती. पहिला नंबर आल्याचं सांगणारी उजवीकडून विचारत होती, मग आता तरी सोडाल का मला? शिक्केमास्तर आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि एकदा त्याने मामाला "ते परत लावा" म्हटलं.

मग 'दार' आलं. हेच ते त्याला उद्धट वाटलेलं गाणं. मधून ती ओरडत होती: दार लोटा, आत येऊ नका, मला काही विचारू नका. त्याला तेवढंच माहीत होतं. पण उजवीकडून, ढोलांच्या खालून, एक बारीक आवाज येत होता, इतका बारीक की कान द्यावा लागला:

*अगदी बंद नका करू. बोटभर ठेवा. बोटभर.*

गाणं संपलं. मामाने फोन काढला आणि न बघताच परत ठेवला.

"लाल मिळणार नाही," शेवटी शिक्केमास्तर म्हणाला. "लाल मी ज्यात घाण असते त्याला देतो. तुझ्यात घाण नाही." गायिकेची मान खाली गेली. "आणि हिरवाही नाही. पाच वर्षांच्या मुलाला एकच बाजू असते, ती सगळ्यांना ऐकू येते. दुसरी फुटते ती तेराच्या आसपास. नारिंगी."

गायिकेने भर रस्त्यात गाडीचं दार उघडून एक उडी मारली. जवळून जाणारी सायकल घसरता घसरता राहिली.

"साहेब," मामा कळवळून म्हणाला, "माझे डबे? तेराच्या मुली डबा नेत नाहीत का शाळेत?"

"नेतात. चित्र नसलेला."

संपादकबाईंना सांगणं राहिलं होतं. शिक्केमास्तर बिस्किटं, बटण आणि कंगवा मामाच्याच डब्यात भरून त्यांच्यापुढे घेऊन गेला. बाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि झाकण लावलं.

"इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली?"

"नाही."

"एकाही पालकाने?"

"नाही."

"म्हणजे घरोघरी एकच स्पीकर चालू आहे," बाई म्हणाल्या. "स्पीकर आणा नवा. बिल मी देते. स्प्रिंगही दाबून घ्या. आणि जुने लाल-हिरवे सगळे अल्बम पुन्हा ऐकायला बसा, दर अंकात थोडे थोडे. दुरुस्तीचं सदर चालवू. सदराला नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण त्यात बिस्कीट नको."

परीक्षण त्याने नव्याने लिहिलं. आज्ञाधारकपणाचा परिच्छेद काढताना त्याला थोडं वाईट वाटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. शेवटी नारिंगी शिक्का आला आणि त्याखाली एक ओळ, जी मासिकात पूर्वी कधी छापली गेली नव्हती: 'पालकांनी हा अल्बम एकट्याने ऐकू नये. सोबत एखादं मूल असावं.'

त्या ओळीने पुढे बरंच काही केलं. गायिकेच्या आईने अल्बम लेकीला शेजारी बसवून पुन्हा ऐकला आणि बोलणं सुरू केलं. पहिलं वाक्य 'जेवलीस का?' हेच होतं म्हणतात. अल्बम वरच्या कपाटात लागला. मामाने डब्यांत गिटारच्या तारा भरून विकल्या आणि फरशांपेक्षा बरे पैसे केले. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी शिक्केमास्तर घरी आला तेव्हा ठकीचं दार लागलेलं होतं.

"नारिंगी दिला," तो दाराला म्हणाला.

आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. मग, "खरंच? कशामुळे?"

"तुझ्या बिस्किटांमुळे."

"काय?"

"आत येऊन सांगू?"

"नको. अभ्यास करतेय. आत नको येऊस," ठकी म्हणाली.

एरवी तो इथूनच माघारी फिरायचा. आज फिरला नाही. कान देऊन उभा राहिला. मग त्याने खाली बघितलं. दार लागलेलं नव्हतं. लोटलेलं होतं, कडेला उजेडाची एक रेघ दिसत होती, बोटभर. आणि ती कालही तिथे नव्हती असं शपथेवर सांगणं त्याला जमलं नसतं.

तो तिथेच, दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसला आणि दारात राहणाऱ्या उपाशी काकांची गोष्ट सांगू लागला. बटण सांगून झालं. कंगव्याशी येताच कुणीतरी फुसकन हसलं. "थांब, थांब," आतून आवाज आला, "बटण निळं होतं का?" आणि खुर्ची सरकली.